एका रिपोर्टवर इंजेक्शन नको

प्रश्न : वय ३८. सतत थकवा असतो, कामेच्छाही कमी झाली आहे. दुपारी चार वाजता दिलेल्या रक्तात टेस्टोस्टेरॉन २६० आले. मित्र म्हणतात, इंजेक्शन सुरू कर. आम्हाला दुसरे मूलही हवे आहे. काय करावे?

उत्तर : हा आकडा तूर्त बाजूला ठेवा. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सकाळी सर्वाधिक असते, दुपारपर्यंत उतरते. तुमच्या वयात हा फरक चांगलाच जाणवतो. जेवणानेही ते खाली येते. म्हणून सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी रक्त द्या आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा द्या. अंगात ताप असताना तपासणी नको. केसांसाठी बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) घेत असाल तर लॅबला आधी सांगा, त्याने आकडा चुकू शकतो. दोन्ही वेळा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आले आणि लक्षणेही असली, तरच निदान पक्के धरतात. काही लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते.

वजन जास्त असेल तर मुक्त, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेले, टेस्टोस्टेरॉनही पाहा. लठ्ठपणात रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारे प्रथिन घटते, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो.

मग कारण शोधायचे. एलएच, म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचे वृषणाला चालना देणारे हार्मोन, वाढलेले असेल तर दोष वृषणात. कमी किंवा नॉर्मल असेल तर पिट्युटरीकडून हुकूमच कमी येतोय. त्यामागे लठ्ठपणा, अफूवर्गीय वेदनाशामके, स्टेरॉइड किंवा वाढलेले प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचेच आणखी एक हार्मोन) असू शकते. घोरत असाल तर झोपेची तपासणी करा, थकव्याचे उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडते.

मूल हवे असताना टेस्टोस्टेरॉन घेऊच नका, हे मित्रांनी सांगितलेले दिसत नाही. बाहेरून हार्मोन मिळाले की पिट्युटरी एलएच आणि शुक्राणू बनवायला लागणारे एफएसएच हे हार्मोन सोडणे थांबवते, वृषण सुस्तावते आणि शुक्राणू शून्यावरही जातात. औषध बंद केल्यावर ते बहुधा परततात, पण त्याला अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त लागते. आधी वीर्यतपासणी करा. दोष पिट्युटरीकडचा निघाला तर क्लोमिफीन किंवा एचसीजी या औषधांबद्दल एंडोक्रिनॉलॉजिस्टला (हार्मोनतज्ज्ञाला) विचारा. या औषधांनी वृषणाचे काम चालू राहते.

पुढे कधी उपचार घेतलेच, तर जेल लावलेली जागा वाळवून कपड्याने झाका आणि हात धुवा, नाहीतर ते मुलाच्या अंगाला लागते. तीन ते सहा महिन्यांनी हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण) तपासा. ५४ टक्क्यांवर गेले की डोस थांबवावा लागतो.