जुनं .३२ रिव्हॉल्व्हर १,१०,००० ला: भाव वाजवी आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिक शहरातला नवा परवाना, बोअर (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) .३२. गंगापूर रोडवरचे ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ २०११ साली घेतलेलं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं रिव्हॉल्व्हर विकताहेत. "वीस-पंचवीसच गोळ्या झाडल्यात, नव्यासारखं आहे," असं त्यांचं म्हणणं आणि मागणी १,१०,००० ची. एवढे द्यावेत का?

आकड्यावर येतोच, पण आधी त्या वीस-पंचवीस गोळ्या डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर झाडून क्वचितच झिजतं, ते ठेवून ठेवून खराब होतं. .३२ चं काडतूस हलक्या दाबाचं असतं, शे-दोनशे गोळ्यांनी नळीला काहीही होत नाही. उलट तेच हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून लोखंडी कपाटात दहा पावसाळे पडून राहिलं, तर चामडं ओल धरून ठेवतं, कातडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ल धातूला लागतात आणि जिथे चामडं टेकलेलं असतं नेमका तिथे गंज धरतो. शहरात हे होतंच, इगतपुरी-त्र्यंबककडच्या घरात तर जास्तच. त्यामुळे "किती झाडलं?" यापेक्षा "कशात ठेवलं होतं, तेल शेवटचं कधी दिलं?" हा प्रश्न भाव जास्त ठरवतो.

आता भावाची वरची मर्यादा. ती नव्या रिव्हॉल्व्हरची आजची, करांसकटची किंमत. २०११ ची पावती दाखवून कुणी "मी एवढ्याला घेतलं होतं" म्हणत असेल तर ती बाजूला ठेवा. गन हाऊसमध्ये जाऊन त्याच मॉडेलचा किंवा त्याच्या जागी आलेल्या मॉडेलचा आजचा भाव लेखी घ्या. एक गोष्ट लक्षात असू द्या: रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवरचा जीएसटी पूर्वी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला आहे. म्हणजे मूळ किंमत १,००,००० धरली तर जे १,२८,००० ला पडायचं ते आता १,४०,००० ला पडतं. घरगुती मालकाने स्वतःचं हत्यार तुम्हाला विकलं तर त्यावर जीएसटी लागत नाही. जुन्या मालाचा भाव अलीकडे चढलाय तो यामुळे, आणि ही चढ खरी आहे. पण विक्रेता त्याच्याही वर जाऊन "मिळत नाही हो आता" म्हणू लागला, तर ते कानपूरच्या मालाला लागू होत नाही. कारखाना चालू आहे. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ ला बंद होऊन कानपूरचे शस्त्र कारखाने नव्या सरकारी कंपनीकडे गेले, माल बनतोच आहे. तिथलंच, २०१४ मध्ये आलेलं सुमारे ५०० ग्रॅम वजनाचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर तेव्हा १,२२,३६० रुपयांना होतं, आणि २०२३ मध्ये बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचं 'प्रबल' आलं. नवं मॉडेल आलं की जुन्या, मधून मोडून उघडणाऱ्या मॉडेलची ओढ थोडी कमी होते. हे तुमच्या बाजूचं आहे.

विलायती मालाचा हिशोब पूर्ण वेगळा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी हत्यारांची आयात जवळजवळ बंद आहे, त्यामुळे जुन्या वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसनला जो कित्येक पट भाव मिळतो तो टंचाईचा असतो. त्या भावात चांगलं यंत्र मिळेलच असं नाही. आणि नुसतं "वेब्ली" नाव बघून भुलू नका. वेब्ली अँड स्कॉटच्या नावाचं .३२ आता उत्तर प्रदेशात हरदोईजवळ संडीला इथेही बनतं. कुठे बनलं ते नळीवर आणि फ्रेमवर वाचा. तसंच .३८ किंवा .४५५ चं जुनं लष्करी वेब्ली कितीही स्वस्तात सांगितलं तरी तुमच्यासाठी त्याची किंमत शून्य, कारण ते बोअर सामान्य परवान्यावर येतच नाहीत.

बघायला जाल तेव्हा हत्याराच्या आधी कागद बघा. विक्रेत्याच्या परवान्याची मुदत चालू आहे का (२०१९ च्या दुरुस्तीनंतर ती ५ वर्षांची झाली), त्यावर युनिक आयडी नंबर आहे का, आणि परवान्यावर लिहिलेला हत्याराचा नंबर फ्रेमवर ठोकलेल्या नंबराशी एकेक आकडा करून जुळतो का. हाताने भरलेल्या जुन्या परवान्यांत १ चा ७ झालेला सापडतो. अशी चूक दिसली तर ती त्यांच्याकडून दुरुस्त होईपर्यंत भावाची बोलणीच करू नका. नंबर घासला गेलेला किंवा पुसट असेल तर तिथूनच परत फिरा. शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार ओळखचिन्ह खोडणं हा गुन्हा आहे आणि असलं हत्यार जवळ बाळगणाऱ्याच्या गळ्याशी येतं.

तपासणी मालकाच्या समोर, जमल्यास गन हाऊसमध्येच करा. "दोन दिवस घरी नेऊन बघतो" हे कायद्यात बसत नाही. "मळ्यात जाऊन दोन बार टाकून बघू" तर त्याहून नाही. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा, रिव्हॉल्व्हर उघडून सहाही कप्पे रिकामे असल्याचं डोळ्यांनी आणि बोटानेही बघा, आणि तोंड सतत भिंतीच्या रिकाम्या बाजूला ठेवा. सोबत छोटी टॉर्च, पांढरा कागद, पितळी ब्रश, सुती चिंध्या, थोडं गन ऑइल आणि एक फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) न्या. गेज अंबड-सातपूरच्या कुठल्याही टूल्सच्या दुकानात मिळतं. गाडीचे व्हॉल्व्ह सेट करायला वापरतात तेच.

पहिली परीक्षा टायमिंगची. घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढा आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकंसं टेकवून ठेवा, म्हणजे तो स्वतःच्या वेगाने पुढे घरंगळणार नाही. सिलिंडर फिरतो, खालची खिट्टी वर येते आणि खाचेत बसते. 'टिक' असा बारीक आवाज येतो, बोटालाही कळतो. हा टिक घोडा पूर्ण चढायच्या आधी किंवा फार तर त्याच क्षणी यायला हवा. घोडा चढून थांबला आणि त्यानंतर सिलिंडर बोटाने जरासा ढकलल्यावर टिक आला, तर तो कप्पा उशिरा लागतो. म्हणजे बार उडताना कप्पा नळीसमोर पूर्ण आलेला नसेल आणि गोळी नळीच्या कडेला घासून शिसं बाजूला उडेल. हे सहाही कप्प्यांवर करा. एक नीट लागला म्हणून बाकीचे लागतील असं नसतं, कारण सिलिंडरच्या मागच्या चांदणीला प्रत्येक कप्प्याचा वेगळा दात असतो आणि ते एकसारखे झिजत नाहीत. बहुतेक खरेदीदार दोन कप्प्यांनंतर कंटाळतात आणि नेमका पाचवा दात झिजलेला निघतो.

घोडा चढलेला असताना चापाला हात न लावता घोडा मागून अंगठ्याने पुढे दाबा. तो सुटला तर आतली खाच झिजली आहे किंवा कुणीतरी चाप हलका करायला ती घासली आहे. असं रिव्हॉल्व्हर कमी भावातही घेऊ नका. मग चाप मागे धरून ठेवून सिलिंडर डावी-उजवीकडे हलवा. केसभर खेळ चालतो, डोळ्याला सहज दिसेल इतका नाही. रिकाम्या कप्प्यांवर चाप पुन्हा पुन्हा मात्र ओढू नका, पिनचं टोक तुटू शकतं. स्नॅप कॅप (सरावाची नकली काडतुसं) असतील तर त्या घाला.

आता फीलर गेज. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट मोजायची: एकदा सिलिंडर मागे दाबून, एकदा पुढे दाबून. मागे दाबल्यावर ०.१५ मिमीच्या आसपास फट असली की उत्तम, ०.२५ पर्यंत ठीक, ०.३० च्या पुढे गेली की गरम वायू आणि शिशाचे कण बाजूने फेकले जातात आणि गोळीचा वेग पडतो. दोन्ही मापांतला फरक म्हणजे सिलिंडरचा पुढे-मागे होणारा खेळ. तो ०.०८ मिमीच्या आत हवा. ही दोन मापं कागदावर लिहून विक्रेत्यासमोर ठेवा. "नव्यासारखं आहे" या वाक्याला आकड्यानेच उत्तर देता येतं.

२०११ चं कानपूरचं .३२ मधून मोडून उघडतं, म्हणून त्याची खरी नाडी बिजागरीत आणि वरच्या कडीत असते. बंद करून एका हातात मूठ, दुसऱ्या हातात नळी धरा आणि आडवी हलवा. 'खट' असा आवाज आला किंवा कडीपाशी फट उघडझाप करताना दिसली, तर बिजागरी सैल झाली आहे. हे बहुतेकदा सिनेमात बघून मनगटाच्या झटक्याने बंद केल्याने होतं. नव्याने पिन बसवून ते वरवर सुधारतं, पण भोक लांबट झालं असेल तर पुन्हा ढिलं होतं. उघडताना काडतुसं बाहेर ढकलणारी मधली चांदणी पूर्ण वर येऊन आपोआप खाली बसते का, तेही बघा.

नळी बघताना खाली पांढरा कागद धरा आणि टॉर्चचा उजेड तिरका मारा. आतल्या पिळाच्या चरांच्या कडा धारदार दिसायला हव्यात. करडा थर दिसला तर लगेच नाक मुरडू नका, ते साचलेलं शिसंही असू शकतं. तेल आणि पितळी ब्रशने चार-पाच वेळा घासून चिंधीने पुसा आणि पुन्हा बघा. शिसं निघून जातं, गंजाचे खड्डे तिथेच राहतात. बारीक देवीच्या व्रणांसारखे खड्डे तळाशी दिसले तर भाव उतरवा. आडवी काळी कडी दिसली आणि बाहेरून बोट फिरवताना तिथे फुगीरपणा लागला तर अजिबात घेऊ नका. एक गोळी अडकलेली असताना मागून दुसरी झाडली की असं होतं.

बाहेरचा चकचकीतपणा बघून जास्त पैसे देणारे फसतात. नव्याने ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) करण्याआधी गंज पॉलिशने काढतात, त्यात ठोकलेल्या अक्षरांच्या कडा गोल होतात आणि स्क्रूच्या भोकाभोवती वाटीसारखा खोलगटपणा येतो. जुनं, हाताळून थोडं उडालेलं मूळचं ब्लूइंग मला केव्हाही जास्त भरवशाचं वाटतं. मुठीच्या पट्ट्या सोडवून आतली फ्रेम बघू द्या असं आवर्जून म्हणा. घाम आणि ओल तिथेच साठते. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर घरच्या पेचकसाने कुणीतरी आत हात घातलाय हे समजा.

आता हिशोब. सगळं मूळचं, सहाही कप्पे वेळेवर, नळी स्वच्छ असेल तर मी नव्याच्या करांसकट भावाच्या ७० टक्क्यांपासून सुरुवात करतो. वरचं उदाहरण धरलं तर १,४०,००० चे ७० टक्के ९८,०००. होल्स्टरचा वरवरचा गंज किंवा मुठीखालचे डाग असतील तर त्यातून ५,००० ते ८,००० कमी. पुन्हा ब्लूइंग केलेलं असेल तर १०,००० ते १५,०००. नळीत खड्डे असतील तर किमान २०,०००, कारण ते दुरुस्त होत नाहीत. एखादा कप्पा उशिरा लागत असेल तर आर्मररकडून (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडून) दुरुस्तीचा अंदाज घ्या आणि त्याच्या दुप्पट कमी करा, कारण एक दात दुरुस्त करताना दुसरा निघतो. सोबतच्या जुन्या काडतुसांचे पैसे धरू नका. खडकीच्या कारखान्याची केएफ छापाची असली तरी पितळेवर हिरवट चढलेलं काडतूस घेऊ नये. आणि .३२ पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा वेगळं असतं, ते डब्यात मिसळलेलं नाही ना हेही बघा.

तेव्हा नव्याचा भाव १,४०,००० च्या आसपास निघाला तर तुमच्या गृहस्थांचे १,१०,००० जास्त आहेत. तपासणीत सगळं उत्तम निघालं तर ९८,००० पर्यंत जा, नाहीतर ९०,००० च्या आत थांबा. मात्र पुढे कधी विक्रेता मूळ मालकाचा वारस असेल आणि हत्यार विकून टाकायच्या मुदतीच्या घाईत असेल, तर त्या घाईचा फायदा घेऊन निम्म्या भावात मागू नका. चांगल्या हत्याराला चांगला भाव द्या.

पैसे कधी द्यायचे, हे भावाइतकंच महत्त्वाचं. कलम ५ नुसार विक्रेत्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस उलटल्याशिवाय हत्यार हस्तांतरित करता येत नाही. तुमचा परवाना शहराचा, म्हणून तुमचं काम पोलीस आयुक्तालयात. विक्रेता निफाड-सिन्नरसारख्या ग्रामीण भागातला असता तर त्याचं जिल्हाधिकारी कार्यालयात. कळवल्याच्या अर्जावर पोहोच घेतल्याची तारीख-शिक्का बघा, त्याची प्रत ठेवा आणि ५,००० ते १०,००० ची इसार रक्कम बँकेतूनच द्या. करारात मेक, बोअर, नंबर आणि "परवान्यावर नोंद न झाल्यास इसार परत" हे वाक्य घाला. बाकीची रक्कम ४५ दिवसांनंतर, तुमच्या परवान्यावर नोंदीचा मार्ग मोकळा झाल्याचं कार्यालयातून कळल्यावर, आणि हत्यार हातात घेण्याआधी फ्रेमवरचा नंबर करारातल्या नंबराशी पुन्हा एकदा ताडून.