टेकडीवरची फुरशी कुठे गेली?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी वारज्याला राहतो. गेली चार वर्षं दर रविवारी टेकडीवर सापांचे फोटो काढायला जातो. पहिली दोन वर्षं पठारावरचे दगड उलटले की महिन्याकाठी एखादं तरी फुरसं मिळायचं. यंदा अर्धा पावसाळा सरला, एकही नाही. फुरशी संपली का? दुसरं असं, की माझा भाचा साप काठीनं उघड्यावर घेऊन फोटो काढतो. फोटो सुरेख येतात, पण मला ते बरं वाटत नाही. काय करावं?
— एक वाचक, वारजे

उत्तर: तुमच्या पत्रातला एक शब्द मी दोनदा वाचला. ‘उलटले’.

पठारावरचा दगड वर्षानुवर्षं एका जागी बसलेला असतो. त्याच्याखाली ओल टिकते, विंचू असतात, गोमी असतात, पाली असतात. फुरसं यांतलं बरंच काही खातं, आणि दिवसाचं ऊनही तिथेच काढतं. तो दगड एकदा उलटला आणि परत ठेवताना बोटभर जरी तिरका बसला, तरी फटीतून वारा शिरतो आणि खालची माती सुकते. ओलीवर जगणारे जीव आधी निघून जातात. मग फुरसं तिथे कशाला राहील? चार वर्षं, दर रविवारी, तेच पठार. तुम्हाला दोष द्यायचा म्हणून मी हे लिहीत नाही. मीही सुरुवातीला दगड उलटलेत. पण ‘कुठे गेली’ हे शोधायचं तर आधी आपल्या हातांपासून सुरुवात करावी लागेल.

आता, खरंच कमी झाली का? ते तुमच्या फोटोंवरून कळणार नाही. साप दिसला तरच फोटो निघतो. ज्या रविवारी काहीच दिसलं नाही, त्या रविवारचा फोटो नसतो. पहिल्या वर्षी तुम्ही किती रविवार गेलात, किती तास फिरलात, यंदा किती? हे लिहिलेलं नसेल तर तुलना कशाशी करणार?

माझी गोष्ट सांगते. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि रविवारी वेताळ टेकडीवर जायचे. एका वर्षी मला ठाम वाटायला लागलं की धामणी घटल्या. चार लोकांना तसं सांगूनही मोकळी झाले. मग वही काढली. वहीत प्रत्येक फेरीची तारीख, वेळ कधीपासून कधीपर्यंत, ढग, आदल्या रात्रीचा पाऊस आणि काही दिसलं नाही तर मोठं शून्य, एवढं लिहायची सवय होती. पाहते तर त्या वर्षी उन्हाला घाबरून मी आठाऐवजी सहाला जायला लागले होते. धामण दिवसाचा साप. अंगाला ऊन लागल्याशिवाय ती बाहेर कशी दिसणार? धामणी होत्या तिथेच होत्या, बदललं होतं ते माझं घड्याळ. ती शून्यं नसती तर मी ती चूक आजही सगळ्यांना सांगत फिरले असते.

दुसऱ्या एका बदलाला मात्र माझ्याकडे पुरावा आहे, आणि तो सापांच्या फोटोंत नाही. एका ठरलेल्या खडकावर उभं राहून, ठरलेल्या दिशेला, वैशाखात एक आणि श्रावणात एक असे दोन फोटो मी दर वर्षी काढते. पहिल्या फोटोंत कमरेएवढं गवत आणि उघडा कातळ आहे. नंतरच्यांत गिरिपुष्पाची गर्द सावली. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड पुण्याच्या टेकड्यांवर हिरवाई म्हणून भरपूर लावलं गेलं. माझ्या त्या जागेवर आधी दिसेनासा झाला गळ्याखालचा पंखा उलगडणारा सरडा. (या पंखेवाल्यांतल्या जवळच्या जातींच्या एका गटाला (जीनसला) शास्त्रज्ञांनी २०१६ साली ‘सरडा’ हेच आपलं मराठी नाव दिलं, याचा मला फार आनंद आहे.) त्याच्यामागून फुरसंही. दोघांनाही उघडं, कोरडं, दगडाळ रान लागतं. झाडं वाढली म्हणजे टेकडी सुधारली असं म्हणणाऱ्यांना मी ते फोटो ओळीनं मांडून दाखवते. तुमच्या जुन्या फोटोंतही साप बाजूला ठेवून मागचं गवत बघा.

भाच्याबद्दल तुम्हाला जे वाटतं ते योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं परवानगीशिवाय साप पकडणं गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी नको म्हटलं असतं. काठीनं ओढलेलं फुरसं वेटोळी घालून खवले एकमेकांवर घासतं, करकर आवाज करतं. आपण त्याला ‘सुरेख पोज’ म्हणतो. ते भ्यालेलं असतं. आणि हात-दीड हात लांबीचा हा साप विजेसारखा डसतो. लांब लेन्स लावा, निदान दोन मीटर दूर राहा, तो जिथे जसा आहे तसाच टिपा. त्याच्याभोवतीचं गवत, दगड, सावली फोटोत येऊ द्या. कुणाला चावलंच तर बांधू नका, कापू नका, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.

अजून एक, कळकळीनं. जागा जाहीर करू नका. एका प्रदर्शनात मी मांडुळाच्या फोटोखाली वस्तीचं नाव लिहिलं होतं. पंधरा दिवसांत दोन अनोळखी माणसं तिथे ‘दुतोंड्या कुठे मिळतो’ विचारत आली. मांडुळाची तस्करी होते हे मला ठाऊक होतं, तरी मी लिहिलं. फोनमधल्या फोटोलाही ठिकाण आपोआप चिकटतं. पाठवण्याआधी ते काढून टाका.

येत्या रविवारपासून एकही दगड हलवू नका. रात्री पाऊस पडून गेला असेल तर सकाळी लवकर जा आणि झुडपांच्या खालच्या फांद्या बघा. जमीन भिजली की फुरसं कधीकधी वर चढून बसतं. वही सोबत ठेवा. दिवाळीनंतर मला तिची पानं पाठवा, शून्यांसकट. आपण दोघं मिळून वाचू.