वाचकांचे प्रश्न : गावची बातमी, तालुक्याचं दैनिक

प्रश्न : वाचनालयाच्या कार्यक्रमाची बातमी आमच्या तालुक्याच्या दैनिकाला पाठवली. चार दिवसांनी दोन ओळी आल्या, फोटोत चेहरे काळे. कसं पाठवायला हवं होतं?

उत्तर : बातमी त्याच दिवशी, शक्यतो संध्याकाळी पाचच्या आत पाठवा. रात्री पानं लागतात, तेव्हा उशिरा आलेला मजकूर मागे पडतो. शंभर-सव्वाशे शब्द पुरेत. पहिल्याच वाक्यात काय, कुठे, कोणत्या तारखेला. उपस्थितांची लांबलचक यादी नको; जागा कमी पडली की कात्री शेवटाकडून लागते, त्यामुळे महत्त्वाची नावं वर घ्या आणि आडनावांचं शुद्धलेखन दोनदा तपासा. मजकूर युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप होतं, त्याच अक्षरांत) टाइप करून पाठवा. कागदाचा फोटो पाठवला तर कुणाला तरी पुन्हा टाइप करावं लागतं, आणि नावं चुकतात ती तिथेच.

फोटोचं कारण वेगळं. वृत्तपत्राचा कागद शाई शोषतो, छपाईचे बारीक ठिपके पसरतात, सावली आणखी गडद होते. म्हणून उजेड चेहऱ्यावर हवा, पाठीमागून नको. पाच-सहा माणसं जवळून घ्या. मूळ फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट नको. आठ सेंटिमीटर रुंद छापायला दोनशे डीपीआयने (म्हणजे एका इंचात दोनशे ठिपके) साधारण 630 पिक्सेल लागतात. खाली डावीकडून नावं लिहा.