इंदूरहून मुंबईला मांजर विमानाने न्यायची आहे, झोपेची गोळी देऊ का?

गोळी नका देऊ, हे आधीच सांगते. तुम्ही लिहिलंय की मांजर 3 वर्षांची आहे, घराबाहेर फारशी गेलेली नाही आणि गाडीत बसवली की ओरडते. आमचीही तशीच, म्हणून मीही डॉक्टरांना हेच विचारलं होतं, त्यांनी सरळ नाही म्हटलं. गुंगीत बीपी खाली येतं, अंगाचं तापमान जनावराला सांभाळता येत नाही, आणि वर काही झालं तर बघणार कोण? शिवाय गुंगीतलं जनावर दिसलं तर काउंटरवरूनच परत पाठवतात.

मी गेल्या वर्षी बबडीला मुलीकडे ठाण्याला नेलं. तिकीट काढायच्या आधी कुठली कंपनी नेते ते बघा, इंडिगोत सर्व्हिस डॉग सोडून प्राणी चालत नाहीत, एअर इंडिया आणि अकासा नेतात (अकासाने 2022 च्या नोव्हेंबरात सुरू केलं). आमच्या ह्यांनी स्वस्त दिसलं ते तिकीट काढून टाकलं आणि मग कॅन्सल करत बसले. आपलं तिकीट काढलं म्हणजे मांजराचं झालं असं नाही, एका विमानात मोजकेच प्राणी घेतात, त्यामुळे फोन करून आधी कन्फर्म करा. वजनाची मर्यादा बॅगेसकट असते. घरीच काट्यावर एकदा मांजर घेऊन उभं राहायचं, एकदा नुसतं, आणि वजाबाकी. बबडी 4 किलो 200, बॅग सव्वा किलो. कागदांचं काही विशेष नाही, रेबीजच्या इंजेक्शनची नोंद असलेलं पुस्तक आणि डॉक्टरांचं ताजं फिटनेस सर्टिफिकेट.

खरी गंमत सिक्युरिटीत. बॅग एक्स-रेमधून जाते आणि मांजर बाहेर काढून हातात धरून तुम्हाला पलीकडे जावं लागतं, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं!! सकाळची गर्दी, ट्रे धाडधाड आपटतायत, आणि बबडी खांद्यावरून सरळ पाठीवर, नखं ब्लाउजात रुतलेली, मी वाकून उभी, सीआयएसएफची बाई माझ्याकडे बघतेय. "दीदी, इसका पट्टा नहीं है क्या?" पट्टा होता ना, चेक-इनच्या बॅगेत. शेवटी मागच्या एका मुलाने आपलं जॅकेट तिच्यावर टाकलं, अंधार झाल्यावर गप्प झाली, मग गाठोड्यासारखी उचलून नेली. म्हणून छातीवरून येणारा पट्टा घरूनच घालून निघा (नुसत्या गळ्यातल्या पट्ट्यातून मांजर मागे सरकून निसटतं) आणि एक जुना टॉवेल हाताशी ठेवा.

आणि सवय महिनाभर आधीपासून करा. बॅग हॉलमध्ये उघडी टाकून ठेवायची, आत आपली जुनी साडी, जेवणही तिथेच द्यायचं. ती आपणहून आत झोपायला लागली की बॅगेची चेन लावून गाडीतून चकरा. आम्ही सुदामा नगरहून बिजासनपर्यंत जायचो, पहिल्या दिवशी सगळा रस्ता बोंबाबोंब, आठव्या दिवशी नुसतं म्याव.

निघायच्या पाच-सहा तास आधी खाणं बंद, पाणी थोडं थोडं चालेल. पोहे-जिलेबी आपण खायची, तिला नाही :) बॅगेत खाली लहान बाळाचं शोषून घेणारं पॅड टाका. सीट पहिल्या रांगेत किंवा इमर्जन्सी दारापाशी मिळत नाही, बॅग पुढच्या सीटखाली ठेवायची. सव्वा तासाचं तर विमान, उतरताना कान दुखले असतील तेवढं दोनदा ओरडली, बाकी पूर्ण वेळ साडीत तोंड खुपसून.

तुमची पर्शियन असेल किंवा कोणाचा पग, शिह त्झू असेल तर डॉक्टरांशी नीट बोला, चपट्या नाकाच्यांना श्वासाचा त्रास होतो, सामानाच्या भागात तर अजिबात नको. लॅब्राडोरसारखा मोठा असेल तर मी अवंतिका एक्सप्रेस धरेन, फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (दोन बर्थची बंद खोली) घ्यायचा आणि कुत्र्याचं बुकिंग पार्सल ऑफिसातून करायचं. संध्याकाळी बसलं की सकाळी मुंबई, तो आपला पायाशी झोपून येतो.