धूर सिग्नलवर निघतो की चढावर?

प्रश्न : माझ्याकडे २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो पेट्रोल. गाडी १ लाख ४६ हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या दिवाळीपासून ती ऑइल खाते, साधारण १,२०० किलोमीटरला एक लिटर. एलबीएस मार्गावर सिग्नलला दोन-तीन मिनिटं थांबून निघालो की मागे निळा धूर सुटतो. नाशिक हायवेला लागल्यावर मात्र धूर दिसत नाही. गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन घेतलं ते १०, १०.५, १० आणि ९.५ बार आलं. मिस्त्री म्हणतो, फुल इंजिन करू, म्हणजे सगळं खोलून नव्याने बांधू, टर्बो नवा टाकू, चार लाख लागतील, आठ दिवसांत गाडी देतो. नाहीतर कुर्ल्याहून दुसऱ्या गाडीतून काढलेलं रेडी इंजिन आणून बसवू. मुलगी झाली तेव्हा तिला हॉस्पिटलमधून याच गाडीने घरी आणलं होतं, त्यामुळे गाडी विकायची नाही. कामाची आखणी कशी करू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : गाडी अजून कुणाच्या ताब्यात दिली नसेल तर देऊ नका. तुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत की फुल इंजिनचा निर्णय मी तरी आज घेतला नसता.

पहिली गोष्ट कॉम्प्रेशनची, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो त्याची. या इंजिनाला खालची मर्यादा ७ बार आहे आणि दोन सिलिंडरमध्ये ३ बारपर्यंत फरक चालतो. तुमच्याकडे फरक जेमतेम १ बार आहे. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक, झिजून गेलेल्या इंजिनाचे हे आकडे नव्हेत. पण एवढ्यावर निर्धास्तही होऊ नका. कॉम्प्रेशनवरून पिस्टनच्या वरच्या दोन रिंगांचंच कळतं. तिसरी, ऑइलची रिंग काजळीने खाचेत चिकटून बसली असेल, तर आकडे छान येतात आणि गाडी ऑइल खातच राहते.

दुसरी आणि जास्त मोलाची गोष्ट म्हणजे धुराची वेळ. रिंगा गेल्या की धूर चढावर, पाय दाबल्यावर येतो. व्हॉल्व्हचे सील कडक झाले की सकाळच्या पहिल्या स्टार्टला येतो, किंवा उतारावर पाय काढून पुन्हा दिल्यावर. तुमचा धूर उभं राहून निघताना येतो आणि हायवेला थांबतो. यात सीलचा हात असू शकतो, टर्बोचाही, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचाही, असू शकतो. पण टर्बोला दोष देण्याआधी ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतला दाब बाहेर काढणारे पाइप, बघा.

हे मी स्वतः चुकून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी याच इंजिनाची एक गाडी चेंबूरहून माझ्याकडे आली होती. अगदी हीच तक्रार. मी टर्बो बदलला, भरपूर पैसे घेतले, आणि तिसऱ्या दिवशी गाडी तसाच धूर सोडत परत आली. मग इनटेक मॅनिफोल्डखालचा ब्रीदरचा पाइप काढला. बोटाने दाबला तर बिस्किटासारखा तुटला आणि आतून डांबरासारखा काळा गाळ निघाला. टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसतो, पिस्टनला असते तशी बारीक रिंग असते. टर्बोतलं ऑइल केवळ स्वतःच्या वजनाने खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. ब्रीदर चोंदला की संपमध्ये हवेचा दाब वाढतो, ऑइल उतरत नाही, तुंबतं आणि रिंगेच्या कडेने एक्झॉस्टमध्ये शिरतं. त्या गृहस्थांचा जुना टर्बो चांगला होता. ते पैसे मी परत केले, पण त्यांचा चार आठवड्यांचा खोळंबा कसा भरून देणार?

म्हणून आधी ब्रीदरचे सगळे पाइप आणि व्हॉल्व्ह नवे टाका. टर्बोचा ऑइल परतीचा पाइप साफ करून घ्या. त्याच वेळी हवेचा पाइप काढून शाफ्ट बोटांत धरून बघा. बाजूला किंचित हलला तर घाबरू नका, ती जागा ऑइलच्या थराची असते. आत-बाहेर सरकत असेल किंवा पंख्याची पाती बाहेरच्या कवचाला घासलेली दिसली, तर मात्र टर्बो गेला. इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा गार करणारा भाग, काढून धुऊन घ्या. त्यात साठलेलं ऑइल राहिलं तर दुरुस्तीनंतरही धूर येत राहतो आणि माणूस उगाच हवालदिल होतो. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टनचा माथा बघायला सांगा. मधे काजळी आणि कडा धुतल्यासारखी स्वच्छ दिसली तर ऑइल रिंगेतून वर येतंय. मग इंजिन खोलावंच लागेल.

खोलायची वेळ आलीच, तर क्रम पाळा. आधी खोलणं, मग धुणं, मग मापं आणि शेवटी सामान. पिस्टन आधी मागवून ठेवणारे पुष्कळ आहेत. बोअरचं मूळ माप ८१ मिलिमीटर. घासलं किती, लंबगोल झालं किती हे लेथवाल्याने वर, मधे, खाली मोजल्याशिवाय स्टँडर्ड पिस्टन लागणार की ओव्हरसाइज, म्हणजे थोडा मोठा, हे कुणालाही सांगता येत नाही. ओव्हरसाइज लागला तर पिस्टन हातात आल्यावर, प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाने बोअर करायचा. बाहेरून सामान यायला लागणारे दिवस धरले तर आठ दिवसांत हे होत नाही. दीड-दोन महिने धरा आणि ठरलेल्या रकमेच्या वर एक चतुर्थांश वेगळी ठेवा.

हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, २० व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे सीलही २०. सगळे बदला. व्हॉल्व्ह उघडणारे दोन्ही कॅम साखळीने जोडलेले आहेत. बसवताना दोन खुणांमध्ये साखळीचे १६ रोलर यायला हवेत. एक जरी चुकला तर टायमिंग चुकतं, त्यामुळे मिस्त्रीला तुमच्यासमोर मोजायला लावा. हेडचे बोल्ट ताणले जाणारे असतात, जुने परत वापरू देऊ नका. संपमधून ऑइल ओढणाऱ्या पिकअपची जाळी धुऊन भागवू नका, नवीनच टाका. या इंजिनात तिथे गाळ साचतो आणि सगळ्यात आधी टर्बो उपाशी राहतो. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप हे ओघानेच आलं. पंप धातूच्या पंख्याचा घ्या. तुमची गाडी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, तेव्हा इंजिन बाहेर आहे तोवर पेट्रोलचे रबरी पाइप आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग इथेनॉलला टिकणाऱ्या टाकून घ्या.

रेडी इंजिनाचा विचार मनातून काढून टाका. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला की आरटीओत नोंद करावी लागते आणि त्यासाठी त्या इंजिनाची कागदपत्रं हवीत. १५ वर्षं उलटलेल्या गाडीची आरसी दर पाच वर्षांनी नवी करायची असते. त्या वेळी वडाळ्याला इन्स्पेक्टरने नंबर ताडून पाहिला आणि जुळला नाही, तर गाडी तिथेच अडकते. शिवाय ते इंजिन आतून कसं आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तुमचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे, बोअर करून घेण्याजोगा. तोच जपा.

काम झाल्यावर पहिल्यांदा फायर करण्याआधी इग्निशन आणि इंजेक्टर सोडवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारायला सांगा, म्हणजे टर्बोपर्यंत ऑइल पोचलेलं असेल. सुरुवातीचे दिवस एलबीएसच्या ट्रॅफिकमध्ये घालवू नका. आयडलवर नव्या रिंगा बोअरला घासून नीट बसत नाहीत. पहाटे निघा, शहापूरपर्यंत जाऊन या, वेग कमी-जास्त करत, मधूनच पाय काढून गाडी गिअरवर उतरू द्या. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला काढा. फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा आणि उन्हात धरून बघा. चमकणारे कण दिसले तर गाडी तिथेच उभी करा आणि मला कळवा.