‘फुकटचा वकील फक्त बायकांनाच मिळतो ना, ताई?’

हा प्रश्न किती जणांनी विचारला, ते मोजणं मी सोडून दिलंय. रिक्षावाले विचारतात, कंपनीतले ऑपरेटर विचारतात, आमच्याच सोसायटीच्या वॉचमननेही एकदा विचारला. बायको माहेरी, मूल तिच्याकडे, हातात पोटगीच्या अर्जाची नोटीस, आणि मनात पक्कं बसलेलं की कायदा सगळा तिच्या बाजूचा, आपल्याला कोणी नाही. म्हणून संदीपची गोष्ट लिहिते. नाव बदललंय, काही तपशीलही. समुपदेशनाच्या सात-आठ बैठकांमधलं कामाचं तेवढंच ठेवलंय.

संदीप भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर. पहिल्यांदा आला तो थर्ड शिफ्ट संपवून थेट. डोळे तांबारलेले, नखांत ऑइल. नोटीस दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून आणली होती, पावसात भिजू नये म्हणून.

“दोन तारखा झाल्या. मी गेलोच नाही.”

“का?”

“वकील कुठाय? एकाने आधी वीस हजार ठेवा म्हणून सांगितलं. मोकळ्या हाताने कोर्टात जाऊन काय करू?”

अशा वेळी मी भावनांना थोडं थांबायला सांगते. आधी तारीख. कौटुंबिक न्यायालयाचा १९८४ चा कायदाच असा आहे की तिथे वकील लावणं हा कोणाचाच हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. नवरा-बायकोने स्वतः बोलावं ही त्यामागची कल्पना. म्हणजे वकील नसला तरी उभं राहता येतं. “साहेब, विधी सेवेकडे वकिलासाठी अर्ज करतोय, मुदत द्यावी,” एवढं एक वाक्य पुरतं. विधी सेवा म्हणजे मोफत वकील देणारी सरकारी यंत्रणा. न जाणं मात्र महागात पडतं. पोटगीचा एकतर्फी आदेश झाला, तर योग्य कारण दाखवून तीन महिन्यांच्या आत तो रद्द करून मागता येतो, पण आधी घर पेटू द्यायचं आणि मग पाणी शोधायचं, असं कशाला?

संदीपने ते वाक्य मोबाइलमध्ये टाइप करून घेतलं. मग म्हणाला, “पण ते विधी सेवावाले आपल्याला घेत नाहीत. मित्राने सांगितलं. बायकांना फुकट, आणि पुरुषाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत पाहिजे. माझं थोडं वर जातं.”

मित्राचं अर्धं बरोबर होतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या १२ व्या कलमात मोफत वकील कोणाला, त्याची यादी आहे. स्त्रिया आणि मुलं आहेतच, त्यांना उत्पन्नाची अट नाही. पण त्याच यादीत अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आहे, दिव्यांग आहे, कोठडीत असलेला माणूस आहे आणि औद्योगिक कामगार आहे. यांनाही उत्पन्नाची अट नाही. यांपैकी कशातच न बसणाऱ्यासाठी उत्पन्नाची मर्यादा, महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख. ही यादी मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. ‘औद्योगिक कामगार’ या शब्दांवर बोट ठेवलं. संदीपने दोनदा वाचलं. चेहरा खुलेल असं मला वाटलं होतं. उलट पडला.

“नको ताई. एवढं लाचार नाही व्हायचं.”

खरी गाठ ही होती. पैशाची अडचण होतीच, पण पाय अडकला होता तो एका समजुतीत: पुरुषाने फुकट घेतलं की तो कमी होतो. प्रसंग माणसाला जेवढा छळतो, त्याहून त्या प्रसंगाविषयीचा त्याचा हट्ट जास्त छळतो, असं मानणाऱ्यांतली मी. आणि हट्टाशी वाद घालून उपयोग नसतो, त्याला त्याचाच अनुभव दाखवावा लागतो. मी विषय बदलल्यासारखं केलं.

“मुलगी कुठे झाली?”

“चिंचवडला, ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्यात. तेव्हा पगार कमी होता, कार्ड होतं.” पहिल्यांदाच थोडं हसू. “सिझेरियन झालं.”

“बिल किती आलं?”

“बिल कसलं? पगारातून कापून जायचं ना दर महिन्याला.”

“तेव्हा लाचार वाटलं?”

बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा होता. मग तो म्हणाला, “ते हक्काचं होतं.” आणि स्वतःच्याच वाक्याने दचकल्यासारखा माझ्याकडे बघायला लागला.

मी काहीच बोलले नाही. वीस वर्षांच्या कामात कमावलेलं एक कौशल्य असेल, तर ते हे: योग्य वेळी गप्प बसणं.

पुढच्या आठवड्यात तो शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन आला. आधार, कंपनीचं ओळखपत्र, पगाराची स्लिप, नोटीस, मुलीचा जन्मदाखला. उत्पन्नाच्या आधारे अर्ज करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र कायद्याने पुरेसं धरता येतं. तरी दाखला हाताशी असलेला बरा, खिडकीवर हुज्जत नको. तालुक्याच्या गावी तालुका विधी सेवा समिती असते, आणि कुठूनही १५१०० वर फोन लागतो. मिळालेल्या वकिलाला एक पैसाही द्यायचा नसतो. कोणी मागितला किंवा वकील लक्षच देईना, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी द्यायचं, वकील बदलून मिळतो. सगळेच पॅनेलवरचे वकील मन लावून काम करतात असं मी म्हणणार नाही. पण तारखेच्या आदल्या दिवशी स्वतः फोन करणाऱ्या पक्षकाराचं काम सहसा मागे पडत नाही.

ज्यांना हे दार बंद आहे, त्यांच्यासाठी विधी महाविद्यालयांची सल्ला केंद्रं आहेत. विद्यार्थी न्यायालयात उभे राहू शकत नाहीत, पण अर्ज समजावून देतात. लोकअदालतीला फी नाही.

वकील मिळाला आणि दुसरा हट्ट वर आला. “मला ताबाच पाहिजे. आणि भेटू देत नाही तोवर पोटगी बंद.”

मी विचारलं, “सोमवारी सकाळी शाळेची वेणी कोण घालणार? तुमची फर्स्ट शिफ्ट असते तेव्हा?”

त्याने बोटांवर शिफ्टा मोजल्या. थांबला. पुन्हा मोजल्या. “मला ती रविवारी हवीय, ताई,” म्हणाला. आवाज एकदम लहान मुलासारखा.

पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. त्याची मुलगी सहाची, म्हणजे ताब्याचा दावा अशक्य नव्हता. पण त्याला हवा होता रविवार, आणि रविवारसाठी अर्ज वेगळा असतो: दावा चालू असतानाच भेटीचा अंतरिम आदेश मागायचा. पोटगी आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक अडवून दुसरी सोडवायला जाणारा बाप न्यायाधीशांसमोर स्वतःच आपली बाजू पाडतो. ओव्हरटाइम लपवायचा मित्रांचा सल्लाही त्याने माझ्या सांगण्यावरून सोडला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पगाराची स्लिप खोटं बोलत नाही.

तीन महिन्यांनी अंतरिम आदेश झाला. पोटगी त्याला झेपेल एवढी, आणि महिन्यातून दोन रविवार, पहिल्या भेटी न्यायालयाच्या आवारात. पहिल्या भेटीच्या आदल्या दिवशी तो फक्त एक विचारायला आला, काय घेऊन जाऊ? मी म्हटलं, खेळणं नको, तिची जुनी एखादी वस्तू न्या. त्याने तिचा प्लॅस्टिकचा गुलाबी कंगवा नेला.

परवा पुन्हा आला. दाढी केलेली, हातात मिठाईची पिशवी. दारातच चप्पल काढता काढता म्हणाला, “ताई, वकीलसाहेबांना पैसे नाही द्यायचे, ते कळलं. पेढे चालतात का?”