ऑफिसात काळी मारबत नेली म्हणून कारणे दाखवा नोटीस: माफीनामा लिहून द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पोळ्याच्या आठवड्यात नागपूरच्या मिहान औद्योगिक परिसरातल्या तुमच्या ऑफिसात डेस्क सजावटीची स्पर्धा होती. तुम्ही कागदाच्या लगद्याची हातभर काळी मारबत करून नेली; मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मिरवणुकीने नेऊन जाळतात तो बाईचा पुतळा. लाल जीभ, मोठे डोळे आणि गळ्यात 'रोगराई घेऊन जा गे मारबत' अशी पाटी. कोलकात्याहून बदलून आलेल्या सहकाऱ्यांना ती कालीमाता वाटली, आणि 'संध्याकाळी हिला जाळायचं असतं' असं कुणीतरी त्यांना हसत सांगितलं. त्यांनी तक्रार केली. तुम्ही मारबत लगेच उचलून गाडीत ठेवली, तरी 'धार्मिक भावना दुखावणारे गैरवर्तन' अशी नोटीस आली. आता एचआर म्हणतं, माफीनामा लिहून द्या, विषय संपवू.

त्यांनी सांगितलेल्या शब्दांत लिहून देऊ नका. पण उत्तर जरूर द्या, आणि मुदतीत द्या.

मी नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत पर्सोनेल विभागात बरीच वर्षं काढली आहेत, चौकशी अधिकारी म्हणूनही बसलो आहे. अशा प्रकरणांत दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली जाते. समोरच्याला वाईट वाटलं का, ही एक. तुमच्याकडून गैरवर्तन झालं का, ही दुसरी. वस्तू तिथून हलवायला पहिली गोष्ट पुरेशी आहे, तिथे तुमचा हेतू कोणी विचारायची गरज नाही. शिक्षा करायची असेल तर मात्र हेतू पाहावाच लागतो, आणि कळल्यावर तुम्ही काय केलं तेही. माफीनाम्यात 'माझ्याकडून गैरवर्तन घडले' असं एक वाक्य गेलं की दोन्ही एक होतात. तो कागद तुमच्या फाइलला राहतो. पुढच्या वर्षी पगारवाढ किंवा बढतीच्या वेळी फाइल उघडणाऱ्या माणसाला मारबत दिसत नाही, कबुली दिसते.

उत्तर लिहिताना सहकाऱ्यांचं वाईट वाटणं खरं आहे हे आधी मनाशी मान्य करा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या, भोसले घराण्यातल्या बाकाबाईच्या निषेधातून काळी मारबत आली असं आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महालच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला यात देवीचा संबंध सुचणारही नाही. पण ज्यांच्या घरी दिवाळीच्या अमावस्येला कालीपूजा होते, त्यांना काळी बाई, बाहेर काढलेली जीभ आणि जाळण्याची गोष्ट एकत्र आल्यावर दुसरं काय दिसणार? त्यांना कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. 'नागपुरात राहायचं तर एवढं माहीत पाहिजे' असली भाषा उत्तरात नको, चहाच्या टपरीवरही नको. ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मारबतीचे व्हिडिओ टाकून 'बघा, आमची परंपरा' असं करणारे मित्र असतील, तर त्यांनाही थांबवा. प्रकरण चिघळतं ते इथेच, आणि मग तुमच्या भल्या हेतूवर कोणी विश्वास ठेवत नाही.

उत्तरात एवढं यावं: ही मारबत आहे, कोणतीही देवता नाही. कंपनीनेच जाहीर केलेल्या सजावटीसाठी ती आणली. तक्रार कळताच मी ती हलवली. कुणाच्या श्रद्धेचा अवमान करण्याचा हेतू नव्हता. सहकाऱ्यांना त्रास झाला याचा मला मनापासून खेद आहे. गैरवर्तनाचा आरोप मला मान्य नाही. शेवटची दोन वाक्यं शेजारी-शेजारी ठेवायला संकोच करू नका, दोन्ही खरी आहेत. सोबत तक्रारीची प्रत मागा, आणि कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाखाली हे गैरवर्तन ठरतं तेही विचारा. १९८३ साली ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की स्थायी आदेशांत, म्हणजे कायद्याने मंजूर करून घेतलेल्या नोकरीच्या नियमांत, जे गैरवर्तन म्हणून लिहिलेलंच नाही त्यासाठी शिक्षा करता येत नाही. तुमच्या कंपनीला स्थायी आदेश लागू आहेत की नुसतं सेवा-नियमांचं पुस्तक आहे, ते आधी पाहून घ्या. स्पर्धेचा मेल जपून ठेवा. मारबतीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि प्रकरण मिटेपर्यंत ती जाळू नका, उद्या चौकशीत हीच वस्तू दाखवावी लागेल.

पोलिसांत देऊ, असंही कोणी म्हणालं असं तुम्ही लिहिलंय. धार्मिक भावना दुखावण्याचं जुनं कलम २९५-अ, आता भारतीय न्याय संहितेचं २९९. त्यात अवमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असावा लागतो. अजाणता किंवा निष्काळजीपणे झालेला अवमान त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच रामजीलाल मोदी प्रकरणात सांगून ठेवलं आहे. या धमकीने घाबरून माफीनामा लिहू नका.

एक गोष्ट मात्र वेगळी. मारबतीच्या छातीच्या आकारावरून कुणा महिला सहकाऱ्याने तक्रार केली असेल, तर ती २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली अंतर्गत समितीकडे जायला हवी, एचआरने परस्पर निकाली काढायची नाही. तिथे समोरच्या बाईला ते नकोसं होतं का, हे आधी पाहतात. नोटिशीत तसा उल्लेख नसेल तर तुम्ही तो विषय काढू नका.

व्यवस्थापनातलं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी एक प्रकरण सांगतो. एका कारखान्यात जिन्याच्या कोपऱ्यात लोक खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाऊन थुंकत. कंटाळून सुपरवायझरने तिथे सगळ्या धर्मांच्या चित्रांच्या टाइल्स लावल्या. दोन कामगार भडकले, आमचं श्रद्धास्थान थुंकायच्या जागेवर का म्हणून. त्यांचं बरोबरच होतं. मॅनेजर म्हणाले, सुपरवायझरला निलंबित करा. मी विरोध केला, कारण माणसाने सांगितल्याबरोबर टाइल्स स्वतः उतरवल्या होत्या आणि त्या दोघांना भेटून आला होता. शेवटी लेखी समज दिली, शिक्षेची नोंद नाही. तिघेही पुढे त्याच शिफ्टला काम करत होते. सांगूनही त्याने टाइल्स काढल्या नसत्या, तर निलंबनाच्या कागदावर मीच सही केली असती.

तुमच्या बाबतीतही लेखी समजेपलीकडे काही होणं मला अन्यायाचं वाटेल. तरी पगारवाढ रोखली किंवा नोकरीवरून काढलं तर गप्प बसू नका. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, किरकोळ गैरवर्तनासाठी आधीची नोकरी न पाहता धक्का बसावा इतकी जबर शिक्षा करून नोकरीवरून काढणं ही अनुचित प्रथा म्हणून लिहिलेली आहे. तुमचं पद व्यवस्थापकीय असेल तर हा रस्ता बंद असू शकतो, म्हणून नेमणूकपत्र घेऊन नागपुरातल्याच एखाद्या कामगार वकिलांना आधी भेटा.

सहकाऱ्यांशी बोलायचं असेल तर एचआरला कळवून, तिसऱ्या कुणाला सोबत घेऊन बोला. एकटं गाठलंत तर दबाव टाकला असं म्हणायला जागा राहते. तक्रार मागे घ्या असं म्हणू नका. मारबत काय असते ते सांगा, आणि त्यांच्याकडची कालीपूजा कशी असते ते ऐकून घ्या. त्यांनी बोलायला नकार दिला तर तोही माना. नोटिशीचं उत्तर मात्र या भेटीसाठी थांबवू नका. ते मुदतीच्या आत मेलवर पाठवा, छापील प्रतही द्या आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्या.